डोंगरावरची सुटी : ठिकाण कोणासाठी निवडावे?

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्याच्या घराघरांतून दोन याद्या तयार होऊ लागतात. एक नव्या कपड्यांची आणि दुसरी प्रवासाच्या सामानाची. बंगाली माणसाच्या प्रवासप्रेमाची थट्टा करताना तेथे 'दीपुदा' हा शब्द वापरतात. दीपुदा म्हणजे कोणी वडीलधारे गृहस्थ नव्हेत. दिघा, पुरी आणि दार्जिलिंग या तीन आवडत्या ठिकाणांच्या आद्याक्षरांतून झालेला तो विनोद आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त या नगरीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या हौसेपासून फार काळ अलिप्त राहू शकत नाहीत. शिवाय महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून किंवा कर्नाटकातून कोलकात्यास पाहुणे आले, की 'इतक्या लांब आलोच आहोत, तर हिमालय पाहूनच जाऊ' असा बेत ठरतो. मग प्रश्न उभा राहतो : नेमके कोठे जावयाचे? दार्जिलिंगला, कालिम्पाँगला, कर्सियाँगला, की थेट गंगटोकला?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठिकाणाच्या प्रसिद्धीवरून, नाही तर शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी काढून आणलेल्या छायाचित्रांवरून दिले जाते. आमचे सांगणे थोडे निराळे आहे. नकाशा उघडण्यापूर्वी आपल्या घरातील माणसांकडे एकवार नीट पाहावे. चढ, थंडी आणि वळणांचा रस्ता ज्या व्यक्तीला सर्वांत जड जाणार असेल, तिला सोसेल ते ठिकाण निवडावे. मग ती गुडघेदुखीने त्रासलेली आजी असो, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा असोत, की मोटारीत बसताच ज्याला मळमळू लागते असे पाच वर्षांचे बाळ असो. घरातील एक माणूस खोलीत पांघरूण घेऊन कण्हत पडले असता बाकीच्यांना हिमशिखरांचे सौंदर्य कितपत गोड लागणार?

उंचीचे गणित

थंड हवेच्या ठिकाणाचा खरा स्वभाव त्याच्या उंचीवरून कळतो. साधारणपणे एक हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. कोलकाता समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटर उंच. तेव्हा तेथे तीस अंश उष्मा असेल, तर दोन हजार मीटरांवरच्या दार्जिलिंगात सतरा अंशांच्या आसपास हवा मिळावी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. पाऊस आणि वारा यांमुळे त्यात फरक पडतो; परंतु कोणते कपडे घ्यावेत हे ठरविण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

मराठी वाचकांस आपल्या ओळखीच्या डोंगरांशी तुलना केल्यास हे आकडे अधिक स्पष्ट होतील. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. कालिम्पाँगची उंची सुमारे १,२५० मीटर, म्हणजे महाबळेश्वराहून थोडी कमीच. कर्सियाँग सुमारे १,४५० मीटर आणि मिरिक सुमारे १,५०० मीटर. गंगटोक सुमारे १,६५० मीटर. आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर एक संपूर्ण राजधानी वसलेली आहे, अशी कल्पना करावी! दार्जिलिंग त्याहूनही उंच, सुमारे २,०४५ मीटरांवर आहे.

येथपर्यंत निरोगी माणसास चिंता करण्याचे कारण नाही. दार्जिलिंगात हवेतील प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे ऐंशी टक्के असतो. चढ चढताना धाप लागते, पण एक-दोन दिवसांत शरीर त्या हवेला सरावते. खरी काळजी अडीच हजार मीटरांच्या पुढे सुरू होते. गंगटोकहून पर्यटकांना ज्या सोमगो सरोवरावर नेतात, ते सुमारे ३,७५० मीटर उंच आहे आणि त्यापुढील नथू ला खिंड सुमारे ४,३१० मीटर. तेथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच मिळतो. उत्तर सिक्कीममधील गुरुडोंगमार सरोवर तर पाच हजार मीटरांच्याही वर आहे.

पूर्वीचा प्रवास आणि आताचा

पूर्वी हा प्रवासच माणसाला सावकाश वर नेत असे. फाळणीपूर्वी सियालदहहून निघालेली गाडी आजच्या बांगलादेशातून, पद्मेवरील १९१५ च्या हार्डिंज पुलावरून शिलिगुडीस जाई. १९४७ नंतर तो मार्ग तुटला. मग प्रवाशांना बिहारमार्गे जाऊन सकरीगली घाट ते मनिहारी घाट अशी गंगा आगबोटीने ओलांडावी लागे आणि पैलतीरी पुन्हा गाडी धरावी लागे. १९७१ मध्ये फराक्का येथील धरणावरून रेल्वे धावू लागली, तेव्हा ही यातायात संपली. शिलिगुडीच्या पुढे दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ती चिमुकली गाडी होतीच. १८८१ मध्ये ती दार्जिलिंगपर्यंत पोहोचली आणि आजही सारा डोंगर ती दिवसभर रमतगमत चढते. इतके सायास करून गेलेले कुटुंब साहजिकच पंधरवडा, महिनाभर मुक्काम करी. त्याला 'हवापालट' म्हणत आणि तो शब्द सार्थ होता.

आज रात्री दार्जिलिंग मेलमध्ये बसावे आणि सकाळी न्यू जलपायगुडीस उतरावे. ३० डिसेंबर २०२२ पासून हावड्याहून सुटणारी वंदे भारत गाडी तर साडेसात तासांच्या आसपास तेथे पोहोचविते. या सोयीबद्दल आनंदच मानावयास हवा. परंतु सोय झाली म्हणून मुक्काम आखडला आणि ठिकाणे वाढली. पाच दिवसांत चार गावे, असा बेत आता सर्रास आखतात. कोलकात्याहून निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी नथू ला खिंडीत उभा असतो. गाडीने तेथे पोहोचविले, तरी शरीराला नव्या उंचीची सवय होण्यास लागणारा वेळ काही कमी झालेला नाही.

कोणासाठी कोणते गाव?

आता एकेका गावाचा विचार करू.

वृद्ध आणि लहान मुले बरोबर असतील, तर प्रथम कालिम्पाँगचे नाव घ्यावे. हवा सौम्य, थंडी बोचरी नाही आणि फुलझाडांच्या रोपवाटिकांत आजी-आजोबांचा वेळ उत्तम जातो. तिबेटचा लोकरीचा व्यापार जेलेप ला खिंडीतून याच गावी उतरत असे. १९६२ च्या चीन युद्धानंतर तो बंद पडला. अनाथ व निराधार मुलांसाठी १९०० मध्ये स्थापन झालेली डॉ. ग्रॅहॅम यांची शाळा येथेच आहे. रवींद्रनाथ ठाकूर वृद्धापकाळी येथील गौरीपूर भवनात राहिले होते. १९३८ च्या आपल्या वाढदिवशी त्यांनी येथूनच आकाशवाणीवरून आपली कविता वाचली. जवळच्या मंग्पू येथे, सिंकोनाच्या मळ्यांच्या परिसरात, मैत्रेयी देवींच्या घरीही ते १९३८ ते १९४० या काळात राहून गेले. उतारवयातील महाकवीला याच टापूचा ओढा वाटला, ही गोष्ट वृद्धांबरोबर प्रवास करणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

कर्सियाँग हे मधल्या मुक्कामाचे गाव. शिलिगुडीपासून ते जवळ असल्याने वळणांचा त्रास होणाऱ्या मुलांना पुष्कळ सुसह्य. चहाच्या मळ्यांतून फिरावे, गावातून जाणारी छोटी गाडी पाहावी आणि दुपारी निवांत झोपावे, एवढाच कार्यक्रम असेल तर याहून चांगले ठिकाण मिळणे कठीण. गिद्धापहाड येथील ज्या घरात सुभाषबाबूंना १९३६ मध्ये स्थानबद्ध करून ठेवले होते, तेथे आता संग्रहालय आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना ते अवश्य दाखवावे. मिरिक हे तळ्याकाठचे गावही अशाच शांत मुक्कामास योग्य आहे; तळ्याभोवती सपाट वाट असल्याने चढण न सोसणाऱ्यांना तेथे फिरता येते.

शाळकरी मुलांचे मन मात्र दार्जिलिंगातच रमते आणि ते योग्यही आहे. 'दुरून डोंगर साजरे' ही आपली म्हण तेथे अक्षरशः खरी होते. जगातील तिसरे उंच शिखर कांचनजंगा, ८,५८६ मीटर उंचीचे, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवरून सकाळच्या उन्हात असे उजळते, की बोलकी मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात. तेनसिंग नोर्गे यांनी १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यानंतर पुढच्याच वर्षी येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली. तिचे संग्रहालय व शेजारचे प्राणिसंग्रहालय मिळून एक सबंध दिवस आनंदात जातो. तेथे मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. २५ मे १९५५ रोजी ज्यो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे दोघे कांचनजंगावर प्रथम पोहोचले. परंतु हे शिखर सिक्कीमच्या लोकांना पवित्र आहे म्हणून अगदी माथ्यावर पाय ठेवावयाचा नाही, असा शब्द दिलेला असल्यामुळे ते काही फूट अलीकडेच थांबले.

छोट्या गाडीचा आनंद घेण्यासाठी शिलिगुडीपासून दिवसभर बसून राहण्याची आवश्यकता नाही. दार्जिलिंग ते घूम असा फेरा मुलांना पुरतो. त्यात बतासियाचे वळणही येते आणि २,२५८ मीटर उंचीचे घूम स्थानकही पाहावयास मिळते. १९९९ मध्ये या रेल्वेला जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची गाडी पाहिलेल्या मुलांना तिची ही थोरली बहीण पाहून विशेष कौतुक वाटेल. दोन्हींच्या रुळांची रुंदी सारखीच आहे.

मात्र दार्जिलिंगची एक अडचण आधीच सांगितलेली बरी. गावात चढ-उतार फार आहेत आणि गर्दीही फार. गावाला पाणी पुरविणारे सेंचलचे तलाव १९१० आणि १९३२ मध्ये बांधलेले आहेत. त्या काळच्या वस्तीला पुरणारे पाणी आजच्या लाखाच्या वर गेलेल्या वस्तीला आणि हंगामातील पाहुण्यांना कसे पुरणार? कोरड्या महिन्यांत येथील कुटुंबे पाणी विकत घेऊन दिवस काढतात. म्हणून पाहुण्याने बादलीभर पाण्यात स्नान उरकावे. आपल्याकडे मराठवाड्यातील उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

गंगटोकची निवड मुले मोठी आणि मंडळी धडधाकट असतील तेव्हा करावी. न्यू जलपायगुडीपासून तिस्तेच्या काठाने चार-पाच तासांचा रस्ता आहे. रस्ता सुंदर आहे, पण दरडी कोसळल्यास तो बंदही पडतो. गावात महात्मा गांधी मार्गावर वाहनांना मज्जाव असल्यामुळे मुलांना मोकळेपणाने फिरता येते. रुमटेकचा मठ आणि १९५८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेली नामग्याल तिबेटविद्या संस्था पाहण्याजोगी आहेत.

बर्फाचा हट्ट

'आम्हांला बर्फ पाहावयाचे आहे' हा मुलांचा हट्ट प्रत्येक घरी असतो. दार्जिलिंगात बर्फ क्वचित पडते. त्यावर भिस्त ठेवून जाऊ नये. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी सोमगोच्या परिसरात ते बहुधा दिसते. बर्फावरून घसरपट्ट्या लावून धावण्याचा खेळ ज्यांना रीतसर शिकावयाचा असेल, त्यांनी मात्र काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली यांचा स्वतंत्र बेत करावा. कोलकात्याहून तो मोठा प्रवास आहे आणि त्यासाठी शिक्षकाची व योग्य सामानाची जरुरी असते.

सोमगो किंवा नथू ला येथे जावयाचेच असेल, तर काही नियम पाळावेत. गंगटोकला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर जाऊ नये. दोन रात्री तेथे काढाव्यात. परवाना आधी काढावा लागतो, तेव्हा ओळखपत्रे व छायाचित्रे जवळ ठेवावीत. हृदयविकार, दमा किंवा वाढता रक्तदाब असणाऱ्यांनी कोलकात्यातच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्यांनी नको म्हटल्यास वाद घालू नये. वर गेल्यावर धावपळ करू नये, पाणी थोडे थोडे पीत राहावे. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावर वासना नसणे ही उंचीच्या त्रासाची पहिली चिन्हे होत. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. विश्रांतीनेही बरे न वाटल्यास खाली उतरावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा स्वस्थ बसूनही धाप थांबेना, तर क्षणाचाही विलंब न लावता खाली आणावे. कापूर हुंगविणे, सुंठ चघळणे यांनी बरे वाटल्यासारखे झाले, तरी उतरण्याला तो पर्याय नव्हे. जो येथे मुक्काम करणार आहे, त्याने तीन हजार मीटरांच्या वर दररोज झोपण्याची जागा अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंच नेऊ नये.

घरातील वृद्धांना मागे ठेवून बाकीच्यांनी जावे का, असा नाजूक प्रश्न येथे निघतो. आमच्या मते एका दिवसापुरते जाण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्यापाशी घरातील एक जाणते माणूस थांबावे आणि ते प्रत्येक वेळी घरची सूनच असू नये.

ऋतूची निवड

जून ते सप्टेंबर हा या डोंगरांतला पावसाळा. दरडींचे भय आणि ढगांचा पडदा, त्यामुळे कुटुंबाने हे महिने टाळावेत. मार्च-एप्रिलमध्ये गुऱ्हांसाची लाल फुले फुलतात, परंतु धुरकट हवेमुळे शिखरे पुष्कळदा दिसत नाहीत. आकाश सर्वांत स्वच्छ असते ते ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत.

येथे 'उत्तरार्ध' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. पूजेच्या सुटीचे वेध लागलेले असताना पावसाळा पूर्ण गेला आहे, असे मनाशी धरले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १९६८ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या जिल्ह्यात दरडींनी आणि जलपायगुडीत तिस्तेच्या पुराने हाहाकार उडविला. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तिस्तेला आलेल्या लोंढ्याने चुंगथांगचे धरण वाहून नेले. ४-५ ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टीत मिरिक व दार्जिलिंगच्या परिसरात दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. तिन्ही संकटे एकाच आठवड्यातली आहेत. ज्या वर्षी पूजा लवकर येते, त्या वर्षी प्रवास लक्ष्मीपूजेनंतर किंवा दिवाळीत ठेवावा. दिवाळी तर आपल्या मुलांना डोंगरावरही साजरी करता येईल. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि तो प्रतिकूल असल्यास तिकिटाचे पैसे गेले तरी बेत पुढे ढकलावा.

चार व्यवहाराच्या गोष्टी

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे प्रवासालाही लागू आहे. सहा दिवस हाती असतील, तर एकच गाव निवडावे. आठ-दहा दिवस असतील, तर दोन. आधी कर्सियाँग किंवा कालिम्पाँग आणि मग दार्जिलिंग, असा चढता क्रम शरीराला मानवतो. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पूजेच्या दिवसांतील जागा हातोहात संपतात, तेव्हा बेत त्यापूर्वीच ठरलेला असावा. राहण्याची खोली ठरविताना खिडकीतून शिखर दिसते का, हे सर्वजण विचारतात. मुख्य रस्त्यापासून किती पायऱ्या चढाव्या लागतात, गरम पाणी केव्हा मिळते आणि जवळ डॉक्टर कोठे आहेत, हेही विचारावे.

कपडे एकच जाड घेण्याऐवजी दोन-तीन पातळ थरांचे घ्यावेत. बंगाली मंडळींच्या माकडटोपीला हसू नये. पहाटे टायगर हिलवर सूर्योदयाची वाट पाहताना तिचे मोल कळते. रोजची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. मेतकूट, भाजणी, लाडू अवश्य न्यावेत, पण स्टोव्ह आणि भांडी घरीच ठेवावीत. सुटी जशी कचेरीतल्या माणसाची, तशीच स्वयंपाकघरातल्या माणसाचीही असते. डोंगरातला साधा वरणभात गरम गरम समोर येत असताना गृहिणीने खोलीत पोळ्या लाटीत बसावे, याला हवापालट म्हणता येणार नाही.

वाचकहो, या वर्षी बेत ठरविताना घरातील सर्वांना एकत्र बसवा आणि सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान व्यक्तीला प्रथम बोलू द्या. ठिकाण थोडे कमी उंच निघाले, शेजाऱ्यांच्या मानाने कमी प्रसिद्ध निघाले, तरी खंत नसावी. कालिम्पाँगच्या बागेतल्या बाकावर आजी नातवाचा हात धरून समोरच्या हिमरांगेकडे निवांत पाहत बसली असेल, तर ठिकाणाची निवड चुकली नाही असे खुशाल समजावे. तुमचा प्रवास सुखाचा होवो!